एकशे नव्वद लिटर

संजय राठोडला ब्लडप्रेशर होतं, आणि ते कशामुळे हे डॉक्टरांना काही केल्या कळत नव्हतं. आर्णीच्या पंचायत समितीत वरिष्ठ लिपिक, वय सत्तेचाळीस, तंबाखू नाही, सुपारी नाही, तालुक्याबाहेर बदली नाही. पण माणूस भित्रा. ऑडिटचं पत्र आलं की ऑडिटवाल्यांच्या आधी त्याला जुलाब यायचे. दारात पोस्टमन उभा राहिला तर हा आतूनच विचारायचा, "कोणाच्या नावाचं हाय?" आणि कागदावर सही करायची वेळ आली की आधी दुसऱ्या कुणाची सही आहे का ते बघायचा. नसली तर कागद पुन्हा ट्रेमध्ये. चोवीस वर्षांच्या नोकरीत त्यानं एकट्यानं सही केलेला कागद शोधून सापडला नसता. लग्नाच्या नोंदणीलासुद्धा त्यानं आधी बबिताला सही करू दिली होती.

"राठोड, तुमचं दुखणं म्हणजे नुसती भीती आहे," डॉक्टर शेवटी म्हणाले. "घरात एक फिश टँक ठेवा. रोज अर्धा तास माशांकडे बघत बसायचं. जीव शांत होतो."

पुढे जे झालं त्याला डॉक्टर जबाबदार नाहीत, असं लिहून द्यायला संजय आजही तयार नाही.

काचेचं एक गोल भांडं आणि दोन सोनेरी मासे आणले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण संजयनं मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. कुठल्याशा परदेशातल्या माणसाच्या टाकीत पाण्याखाली अख्खं रान उभं होतं. खाली हिरवळ, मधे वाकडं खोड, मागे पाण्याबरोबर डुलणारी लांब पाती, आणि त्यातून इवलेसे मासे फिरत होते. प्लास्टिकचं झाड नाही, तोंड उघडणारा शिंपला नाही. आपल्या घरात असं रान असलं तर आपण घाबरणारच नाही, असं संजयला वाटलं, आणि तो थेट साजिदच्या दुकानात गेला.

साजिदचं बसस्टँडजवळ काचेचं दुकान. तसबिरींना काच बसवणं, शोकेस बनवणं आणि फावल्या वेळात फिश टँक. "भाऊ, तीन फुटाचाच घ्या," तो म्हणाला. "लहान टँक म्हंजे जास्त टेन्शन. पाणी कमी असलं का लवकर बिघडते." टेन्शन हा शब्द ऐकताच संजयनं तीन फुटाचा घेतला. त्यात एकशे नव्वद लिटर पाणी मावतं, हे टाकी पुढच्या खोलीत लोखंडी स्टँडवर चढल्यावर कळलं. आर्णीत तेव्हा नळाला सहाव्या दिवशी पाणी येत होतं.

शेजारी देवीलाल राहतात. ते कृषी सहायक म्हणून निवृत्त झाले, पण सल्ला देणं काही त्यांनी सोडलं नाही. साजिदनं लिहून दिलेल्या मातीच्या पाकिटाची चिठ्ठी वाचून ते खो खो हसले. "राठोड, पाकिटातली माती? अरे, आपल्या काळ्या मातीत कपाशीची पऱ्हाटी छातीला लागते, तुमचं गवत नाही लागणार? दोन घमेले आणून टाका." संजयनं दोन घमेली आणली आणि वरून पाणी सोडलं. काळी माती ओली झाली की फुगते हे तालुक्यातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे, देवीलालजींना तर त्याबद्दल पेन्शन मिळते. तरी दोघंही टाकीसमोर उभे राहून चार दिवस वाट पाहत राहिले. पाणी काळ्या चहासारखं झालं आणि तसंच राहिलं. ते उपसून नालीत सोडलं, नवं भरलं, तेही उपसलं. तिसऱ्या खेपेला मातीवर वाळूचा जाड थर दिला तेव्हा कुठे पाणी निवळलं.

समोरच्या घरातल्या धनीबाई हे सगळं ओट्यावर बसून पाहत होत्या. सत्तरी ओलांडलेली बाई, आवाज मात्र लाउडस्पीकरचा. "आमी सहा दिवसाचं पाणी पुरवू-पुरवू वापरून राह्यलो," त्या सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अन् हा बाबू मासोळीच्या नावानं नालीत सोडून राह्यला!" संजयनं महिनाभर त्या बाजूची खिडकी उघडली नाही.

मग खोड. अरुणावतीच्या काठावर एक झकास वाकडं मूळ पडलं होतं, ते तो पिशवीतून घेऊन आला. देवीलालजींनी ते हातात घेतलं, वास घेतला आणि आवाज खाली आणला. "हे सागवान होय. याले वाहतूक परवाना लागते. कोणी पाह्यलं तर नाही?" संजयनं ते मूळ तीन दिवस पलंगाखाली गोणपाटात ठेवलं आणि रस्त्यावरून खाकी कपड्यातलं कोणीही गेलं की पलंगावर बसून राहिला. पाण्यात ठेवायचं लाकूड आधी उकळावं लागतं असं साजिद म्हणाला होता. संजयनं ते तीनदा उकळलं. उकळल्यावर सागवान सागवानासारखं दिसत नाही, असा त्याचा समज होता.

एवढं करून चिमट्यानं एकेक रोप लावलं, बावीस मासे सोडले, आणि दहा दिवसांनी पानं पिवळी पडली.

"गॅस पाह्यजे," साजिद म्हणाला. "आपल्याले ऑक्सिजन तसा झाडाले कार्बन डायऑक्साइड. नागपूरहून सिलिंडर मागवू का?"

घरात सिलिंडर, तोही बैठकीत, या कल्पनेनंच संजयनं दोन्ही हात जोडले. तेव्हा साजिदनं दुसरी युक्ती सांगितली. कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटलीत साखरेचं कोमट पाणी घ्यायचं, बेकरीतलं यीस्ट टाकायचं, झाकणाला भोक पाडून सलाइनची नळी बसवायची आणि नळीचं तोंड टाकीत सोडायचं. आत ते फसफसत राहतं आणि गॅस आपोआप झाडांना मिळतो. देवीलालजींनी त्यात आपली भर घातली. "साखर कायले? पिकाच्या जीवामृतात आपण काय टाकतो? गूळ! गुळानं जोर येते." संजयनं अर्धा-अर्धा किलो गूळ टाकून दोन बाटल्या भरल्या, टाकीमागे उभ्या केल्या आणि वरून बबिताच्या जुन्या साडीचा पडदा सोडला.

इथे बबिताबद्दल सांगायला हवं, कारण खरी भीती तिथेच आहे. बबिता राठोड वॉर्डातल्या सगळ्या बचत गटांची अध्यक्ष होती आणि कशालाही भीत नव्हती. शाळेच्या रस्त्यावर देशी दारूचं दुकान आलं तेव्हापासून ती ते बंद करायच्या मागे होती. दोन वर्षं फिरून तिनं वॉर्डातल्या पाव हिश्श्याहून जास्त बायकांच्या सह्या गोळा केल्या होत्या. आता उत्पादन शुल्क खात्याचा अधिकारी येऊन त्या सह्या तपासणार, मग सगळ्या बायकांचं मतदान होणार. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान राहू द्यायचं असेल तर उभीवर शिक्का, बंद करायचं असेल तर आडवीवर. यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त शिक्के आडवीवर पडले तरच दुकान बंद. जी घरी बसली तिचं मत दुकानाच्याच कामी आलं.

म्हणून बबिता आणि तिच्या बायका एक रिकामी बाटली घेऊन घरोघर जायच्या, ती बाईसमोर उभी करायच्या आणि हातानं आडवी करून दाखवायच्या. "अशी. बस, एवढंच कराचं हाय." धनीबाई यात सर्वांत पुढे. लिहिता-वाचता येत नाही म्हणून त्यांनी हे इतकं मनावर घेतलं होतं की त्यांच्या घरात खोबरेल तेलाची आणि फिनाइलचीही बाटली आडवीच असायची.

आणि त्याच मोहिमेच्या अध्यक्षाबाईंच्या बैठकीत, साडीच्या पडद्यामागे, दोन उभ्या बाटल्यांमध्ये गूळ आंबत होता. संजयच्या हे लक्षात आलं नव्हतं. तो आनंदात होता. आठव्या दिवशी पानं हिरवीगार झाली, प्रत्येक पानावर मोत्यासारखे बुडबुडे धरले, आणि आयुष्यात पहिल्यांदा संजय अर्धा तास कशालाही न घाबरता बसला.

तेवढ्यात त्याची आई बसंतीबाई आतून आल्या. पडद्यापाशी थांबल्या. त्यांनी एकदाच नाक ओढलं.

"ई कांई छ?" त्यांनी आपल्या गोर बंजारा बोलीत विचारलं. हे काय आहे, एवढंच. पण आवाज संजयनं लहानपणी ऐकलेला होता.

"गॅस हाय याडी, झाडांचा," संजय आईला म्हणाला.

"एकतीस वर्षं तुह्या बापाच्या तोंडाचा वास घेतला मी," बसंतीबाई म्हणाल्या. "मले झाडं नको शिकवू. तू घेतो का?"

"नाही याडी! तुही आन."

"तुहा बाप बी माहीच आन घेत होता."

संजय आपल्या खोलीत गेला. त्यानं मोबाइलवर गूळ, यीस्ट आणि पाणी एवढे तीनच शब्द टाकून शोधलं. जे समोर आलं ते वाचून त्यानं मोबाइल उशीखाली ठेवला आणि उशीवर स्वतः बसला. सरकारी नोकर. घरात आंबवलेला गूळ. बायको दारूबंदीची पुढारी. निलंबनाच्या आदेशातली भाषा त्याला तोंडपाठ होती, कारण असे आदेश तोच टाइप करायचा.

बाटल्या ओतून टाकाव्यात, तर ओतायच्या कुठे? नालीत ओतल्या की वास गल्लीभर. संडासात ओतल्या तर तो गच्चीवरच्या पाइपातून गल्लीभर. शिवाय, हे त्यानं स्वतःशीसुद्धा हळूच कबूल केलं, बाटल्या काढल्या की ते मोती जाणार. म्हणून त्यानं नेहमीचं केलं. कागद ट्रेमध्ये परत ठेवला.

"बबिताले सांग," बसंतीबाई रोज म्हणायच्या.

"सांगतो. उद्या."

"तो बी उद्याच म्हणे," असं म्हणून त्या आत जायच्या. चार दिवसांत त्यांनी मुलाशी याखेरीज दुसरं काही बोलणं केलं नाही, आणि त्याच्या खोलीसमोरून जाताना त्या थांबून वास घ्यायच्या.

बबितालाही एकदा वास आलाच. "काहीतरी आंबलं वाटते हो," ती म्हणाली. "काळी माती हाय ना, तिचा वास," संजय म्हणाला. कूलरची घरघर चालू असल्यामुळे बाटल्यांचं बुडुक बुडुक तिला ऐकू आलं नाही. मे महिना होता, कूलर दिवसभर चालायचा, आणि उकाड्यानं बाटल्यांना दुप्पट जोर आला होता.

सह्यांची तपासणी मंगळवारी समाजमंदिरात व्हायची होती. पण समाजमंदिराची किल्ली ज्यांच्याकडे असते ते किल्लीसकट नेरला लग्नाला गेले होते. यवतमाळहून आलेल्या उत्पादन शुल्क खात्याच्या दुय्यम निरीक्षक तमन्ना शेख उन्हात उभ्या. बबिता पटकन म्हणाली, "मॅडम, माह्या घरी बसा ना. कूलर हाय. फिश टँक हाय, बरं वाटते."

साडेअकराला ऑफिसात संजयचा फोन वाजला. "मॅडम आपल्या घरी बसल्या," बबिता म्हणाली. "दारूच्या दुकानाचा मुनीम बी आला आक्षेप घ्याले. तुमी येताना दोन खुर्च्या घेऊन येता का?"

संजयनं फोन ठेवला. मग उचलला. मग पुन्हा ठेवला. साहेबांकडे अर्ध्या दिवसाची रजा मागायला गेला. साहेबांनी त्याचा चेहरा पाहिला आणि न विचारताच पूर्ण दिवसाची दिली.

दोन हातांत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन तो दारात पोचला तेव्हा गल्लीत बायकांची रांग होती. आत मॅडम टेबलाशी रजिस्टर उघडून बसल्या होत्या. एकेक बाई येत होती, नाव सांगत होती, सही दाखवत होती. आणि दुकानाचा मुनीम शाम, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा आणि हातात आक्षेपांची यादी, बरोबर टाकीला टेकून स्टुलावर बसला होता. त्याच्या पाठीपासून बाटल्या हातभर अंतरावर. संजय दारातच थिजला. त्यानं मनातल्या मनात सेवालाल महाराजांना नारळ कबूल केला. सेवालाल महाराजांनी ऐकलं की नाही ते कळायच्या आतच लाईट गेली.

कूलर घरघरत थांबला. खोली एकदम शांत झाली.

बुडुक.

"मॅडम," शाम म्हणाला, "ऐकू येऊन राह्यलं का?"

"फिश टँकची मोटर असेल," मॅडम रजिस्टरातून वर न बघता म्हणाल्या.

"लाईट गेली ना, मॅडम. मोटर कशी चालल?"

बुडुक, बुडुक.

संजयला वाटलं, आपण आता इथेच पडलो तर बरं. लोक पाणी मारतील, गडबड होईल, तपासणी उद्यावर जाईल. पण पडायलासुद्धा धीर लागतो. तो खुर्च्या धरून उभाच राहिला.

आता धनीबाईंचा नंबर होता. त्यांनी अंगठा लावला आणि दम खायला म्हणून टाकीशेजारी जमिनीवर बसल्या. बसल्या जागेवरून त्यांना पडद्याखालची फट दिसली. फटीतून दिसल्या दोन बाटल्या. उभ्या! बबिताच्या घरी! आणि तो शाम अगदी जवळ बसलेला! धनीबाईंनी जे केलं ते निव्वळ मायेनं केलं. कोणाचं लक्ष नाही असं बघून त्यांनी पडद्याखाली हात घातला आणि दोन्ही बाटल्या हळूच आडव्या केल्या.

बाटली उभी असते तेव्हा नळीतून गॅस जातो. आडवी केली की गॅस मागे राहतो आणि पुढचं सगळं ढकलून देतो. नळीतून तपकिरी पाणी सरसर वर चढलं आणि हिरव्यागार रानात उतरलं. मोती गेले. फेस आला. आणि त्या कोंदट, लाईट नसलेल्या, मे महिन्यातल्या खोलीत असा वास सुटला की रांगेतल्या पन्नास बायकांनी एकाच वेळी पदर नाकाला लावला. त्या सगळ्या तो वास ओळखत होत्या.

शाम स्टूल पाडून उठला. "सडवा! मॅडम, दारू गाळाचा सडवा! अध्यक्षाबाईच्या घरात!"

मॅडमनी पडदा बाजूला केला, एक बाटली उचलली आणि झाकण सैल केलं. उरलेल्या जोरानं फवारा उडाला तो थेट त्यांच्या खाकी गणवेशावर. त्यांनी रुमालानं बाही पुसली, रुमाल नाकाशी नेला आणि शांतपणे विचारलं, "हे कोणाचं आहे?"

"मले नाही माहीत, मॅडम," बबिता म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. संजयनं तिला असं कधी पाहिलं नव्हतं.

"सगळे असंच म्हणते," शाम हसला. "बाटली सापडते तवा कोणाचीच नसते."

 दोन वर्षं उन्हातान्हात फिरलेल्या बायका खाली बघू लागल्या. संजयला सुटकेच्या तीन वाटा दिसल्या. युक्ती साजिदची होती. गूळ देवीलालजींचा होता. (ते आत्तापर्यंत बाहेरून खिडकीत डोकावत होते, गुळाचा वास येताच खिडकी रिकामी झाली.) आणि तिसरी वाट म्हणजे गप्प राहायचं, खुर्च्या ठेवायच्या आणि ऑफिसात परत जायचं. स्वयंपाकघराच्या दारात बसंतीबाई उभ्या होत्या. त्या बाटल्यांकडे बघत नव्हत्या, त्याच्याकडे बघत होत्या.

"माझं आहे," संजय म्हणाला.

"कोण बोललं?" मॅडमनी विचारलं, कारण आवाज फारच बारीक होता.

"मी बोललो. संजय राठोड. वरिष्ठ लिपिक. बाटल्या माझ्या आहेत. हिला काही माहीत नाही. हिनं वास विचारला तेव्हा मी मातीचा आहे म्हणून खोटं सांगितलं." मग त्यानं झाडं, गॅस, गूळ, साजिदची नळी, सगळं सांगितलं. घाबरल्यामुळे न विचारलेलं सागवानाचं मूळही सांगून टाकलं.

"सागवान माझ्या खात्यात येत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण गूळ आणि यीस्ट येतं. तुम्ही झाडांसाठी केलं असेल, मी तसं लिहीन. नमुना तपासणीला जाईल. उरलेलं पंचांसमोर नष्ट करावं लागेल." त्यांनी टाकीकडे पाहिलं. "पण ते तर सगळं यात मिसळलंय. म्हणजे मुद्देमाल किती झाला?"

आकडा विचारला की उत्तर द्यायचं, ही चोवीस वर्षांची सवय. "एकशे नव्वद लिटर, मॅडम," संजय म्हणाला आणि मग आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं.

जबाब लिहायला त्यानं स्वतःच कागद मागितला. त्याचं अक्षर सुंदर आहे, ऑफिसातले सगळे ठराव तोच उतरवतो. त्याही वेळी ओळी सरळ आल्या. 'सदर बाटल्या माझ्या आहेत. माझ्या पत्नीस याची कल्पना नव्हती. होणारी कारवाई मला मान्य आहे.' खाली मोकळी जागा राहिली. "इथे आणखी कुणाची सही लागते का?" त्यानं विचारलं.

"नाही. फक्त तुमची."

त्यानं सही केली.

"तर मग अर्ज रद्द करा ना, मॅडम," शाम म्हणाला.

"सह्या या बायकांच्या आहेत, बाटलीच्या नाहीत," मॅडम म्हणाल्या. "पुढचं नाव घ्या."

तोवर टाकीत बावीस मासे वर येऊन तोंडं उघडत होते. दोन-चार तर तिरपे होऊन पोहत होते. सगळं पाणी ओतायचं म्हणजे मासे जाणार, नळ येणार परवा, आणि घरच्या ड्रमात बुडाशी चार तांबे पाणी. संजय टाकीसमोर नुसता उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्याचा उपयोग नव्हता.

"माह्याच हातानं झालं बावा," धनीबाई पुटपुटल्या आणि उठून रस्ता ओलांडून घरी गेल्या. परत आल्या त्या डोक्यावर गुंडभर पाणी घेऊन. "हे धर. मासोळ्यांनी कोणाचं काय केलं?" मागून दुसरी बाई कळशी घेऊन आली, तिसरी बादली. ज्या पाण्यावरून महिनाभर गल्लीत बोलणी बसली होती, ते चार-चार दिवस पुरवून ठेवलेलं पाणी पंचांसमोर उपसल्या जाणाऱ्या टाकीत एकेक भांड्यानं पडू लागलं. साठवून शिळं झालेलं, नळाच्या ब्लिचिंगचा वास उडून गेलेलं, माशांना नेमकं तसलंच पाणी लागतं, हे साजिदनं नंतर सांगितलं. त्या दिवशी हे कोणालाच माहीत नव्हतं. बावीसातले एकोणीस मासे वाचले.

बबिता मात्र संजयशी बोलायची बंद झाली. जे काही ती सांगायची ते सासूबाईंमार्फत. "याडी, यायले सांगा, मतदान सव्वीस तारखेले हाय." संजयला जेवण जाईना. त्यात शामनं कुठून तरी त्या जबाबाची प्रत मिळवली आणि शंभर झेरॉक्स काढून वॉर्डातल्या खांबाखांबावर चिकटवल्या. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'दारूबंदीवाल्या बाईच्या घरची बाटली बघा!' संजय ऑफिसला खाली मान घालून, तीन गल्ल्या वळसा घेऊन जायचा. तरी खांब लागायचेच. आपलंच सुंदर अक्षर आपल्यालाच भिववायला लागेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. साहेबांनी बोलावलं तेव्हा तो खिशात बीपीची गोळी ठेवून गेला. साहेब म्हणाले, "तपासणीचा अहवाल येईपर्यंत काही करता येत नाही." मग अहवालाची भीती सुरू झाली.

सव्वीस तारखेला यादीत अकराशे शहाऐंशी बायका होत्या. आडव्या बाटलीवर पाचशे चौऱ्याण्णव शिक्के हवे होते. संजय दिवसभर माशांसमोर बसून होता, आणि मोजणीला सुरुवात झाली असेल तेव्हापासून तर तो माशांकडेही बघत नव्हता. हरलो तर आपल्या बाटल्यांमुळे. दोन वर्षांचं काम, आपल्या किलोभर गुळात.

सात वाजता गल्लीत ओरडा झाला. बबिता दारात आली. केस विस्कटलेले, गुलाल कानापर्यंत.

"सहाशे अकरा," ती थेट त्याला म्हणाली. अकरा दिवसांनी.

संजय खुर्चीत बसलेलाच होता, तरी तो आणखी खाली बसला.

"ज्या बाया घरातून निघत नाही म्हणे, थ्या बी आल्या," बबिता म्हणाली. "खांबावरचा कागद पोराइकडून वाचून घेतला त्याइनं. म्हणे, आमच्या घरी बाटली सापडते, मालक सापडत नाही. या बाईच्या नवऱ्यानं तर सही करून देल्ली." ती थोडा वेळ टाकीकडे बघत राहिली. "पुन्हा माह्याशी मातीचं सांगाल ना, तर तुमालेच आडवं करीन." मग ती हात धुवायला आत गेली.

तिच्या मागून बसंतीबाई आल्या. त्यांच्या हातात खांबावरून काढून आणलेला एक कागद होता, चारही कोपऱ्यांना खळ लागलेली. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी तो संजयसमोर धरला.

"वाच."

"राहू दे ना याडी."

"वाच म्हणते ना."

"सदर बाटल्या माझ्या आहेत," संजयनं वाचलं. "माझ्या पत्नीस याची कल्पना नव्हती..."

"पयलंच वाच. पुन्हा."

"सदर बाटल्या माझ्या आहेत."

बसंतीबाई ऐकत उभ्या राहिल्या. "एकतीस वर्षं," त्या म्हणाल्या. "कपाटात सापडली, गाडीत सापडली, पिठाच्या डब्यात सापडली. तुह्या बापानं एकडाव बी म्हटलं नाही, माही होय म्हणून." त्यांनी कागदाची घडी केली, ती पोलक्यात ठेवली आणि डोळ्यांना पदर लावला. मग टाकीपाशी वाकून, काचेला नाक लावून, एक लांब श्वास घेतला.

"मासोळ्या भुकेल्या दिसते," त्या म्हणाल्या. "खायाले टाक त्याइले."